हळूबाईचं भरलेलं कार्ड

६ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.
नवीन डायरी, नवीन पेन, नवीन मी. जपानी विभागाचा जादा अभ्यास कक्ष आजपासून सुरू झाला. समन्वयक अस्मादिक. फीत आणायची राहिली, म्हणून विभागप्रमुख मॅडमनी दार ढकललं आणि त्यालाच उद्घाटन समजावं असं ठरलं.

कक्ष लायब्ररीच्या खाली तळघरात आहे. सात पायऱ्या उतरायच्या. शेजारी लिफ्टच्या मशीनची खोली. वर कोणी बटण दाबलं की इथली भिंत घरघरते. मॅडम म्हणाल्या, सध्या तात्पुरती सोय आहे. मी म्हटलं, एकाग्रतेला उत्तम. माझी नोकरीही तात्पुरतीच आहे, पण मार्चअखेर मी कायम होणार हे मॅडमच्या चेहऱ्यावर आजच दिसलं.

कामाची पद्धत सगळी माझी. जपानी माणूस सही करत नाही, शिक्का मारतो. म्हणून कक्षात नाव नोंदवलेल्या चोवीसही मुलांच्या नावाचे करंगळीच्या नखाएवढे गोल शिक्के जपानी अक्षरांत करून घेतले. प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर वीस चौकोन. मंगळवार-गुरुवार, चार ते साडेपाच, १२ मार्चपर्यंत. आलात की आपला शिक्का लाल शाईत बुडवून चौकोनात मारा. शिक्के राहणार माझ्या ताब्यात, कारण मुलं हरवतात. त्यासाठी घरातला स्क्रू ठेवायचा चोवीस खणांचा डबा आणलाय. बायको तो बटणांसाठी शोधतेय. मी पाहिला नाही असं सांगितलं.

शिवाय दाराबाहेर लोखंडी चिठ्ठीपेटी लावली: तुमची अडचण लिहा, आत टाका. तशीच एक मॅडमच्या ऑफिसबाहेर. तीही माझीच कल्पना. दोन्हींना किल्ली एकच, ती माझ्याकडे.

संकल्प: रोज वीस कांजी, म्हणजे जपानीतली चित्रासारखी अक्षरं, पाठ करायची. जुलैत सगळ्यात वरच्या लेव्हलची परीक्षा. गेली अकरा वर्षं ती जुलैतच द्यायची ठरते, पण जुलै नेमका लवकर येतो. आज कांजी: तीन. उद्घाटनाचा दिवस होता.

८ जानेवारी, गुरुवार.
सात जण आले! शॅडोइंग घेतलं. म्हणजे रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि त्याच्या मागोमाग, न थांबता, तसंच बोलत जायचं. रंगात आलो होतो, तेवढ्यात साडेचारला एक मुलगी दारात उभी. मी रेकॉर्डिंग थांबवून वक्तशीरपणा या विषयावर दहा मिनिटं बोललो. ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्याने. ती परत म्हणाली. तरी ऐकू येईना. मागून कोणीतरी म्हणालं, सर, ती हळूबाई आहे. सगळे हसले. मीही हसलो, वातावरण मोकळं राहावं म्हणून.

भीड चेपावी म्हणून तिला एकटीला शॅडोइंग करायला लावलं. सगळ्यांसमोर तेरा चुका काढल्या. कानापर्यंत लाल झाली. एवढं वैयक्तिक लक्ष दुसरीकडे कुठे मिळणार? जाताना तिने उद्घाटनाला सगळ्यांनी मारलेल्या पहिल्या शिक्क्याशेजारी आजचा शिक्का फार जपून मारला, तसाच अगदी सरळ, चौकोनाच्या मधोमध. मग पुन्हा काहीतरी विचारलं. नेमकी लिफ्ट सुरू झाली. मी मान डोलावली.

फाइल पाहिली. मागच्या सत्रात तोंडी परीक्षेत नापास. ही शेवटची संधी. हरकत नाही, माझ्या हातात पडली म्हणजे सुटली. कांजी: पाच.

१३ जानेवारी, मंगळवार.
कायम नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा. आधी केस कापले, मग फोटो. फोटोवाला म्हणाला, साहेब, हनुवटी खाली, फार वर जातेय. सहा वाजले. कक्ष बंद ठेवावा लागला. संस्थेच्याच कामासाठी गेलो होतो, तेव्हा ही कर्तव्यावरचीच वेळ धरायला हवी. कांजी: शून्य. पण फोटो छान आलाय.

१५ जानेवारी, गुरुवार.
चारला कक्ष उघडला. कोणी नाही. स्वतःला नियम घालून घेतला: वीस मिनिटं वाट पाहायची, मग कुलूप. ज्याला यायचंय तो वीस मिनिटांत येतो. चार-वीसला बंद करून कँटीनमध्ये गेलो. निवड समितीतले दोघं साडेचारला तिथे चहा घेतात. शेजारच्या टेबलावर बसून त्यांना दिसेल असं जपानी वर्तमानपत्र वाचलं. पाऊण तास एकच पान. निम्मं समजलं, म्हणजे बरंच.

पायऱ्या झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, परवा एक पोरगी बराच वेळ खालच्या पायरीवर बसली होती. म्हटलं, मावशी, मुलं कुठेही बसतात.

पेटीची किल्ली सापडत नाही. कोणी काही टाकतही नाही, तेव्हा शोधायची घाई नाही.

२० जानेवारी, मंगळवार.
हेडक्लार्कचा फोन: कक्षाची साप्ताहिक हजेरी पाठवा, कमी असेल तर खोली स्टोअरला देऊ. त्यांना खुर्च्या ठेवायला जागा कमी पडतेय.

शांतपणे विचार केला. मुलं येत नाहीत, याचा अर्थ त्यांना यायचं नाही असा होत नाही. लेक्चर असतात, बस असते, सर्दी होते. मनाने ती इथेच असतात. शिक्के माझ्याकडे आहेत. मग मनाने हजर असलेल्यांचे शिक्के मारले, गेल्या दोन वेळचेही. अकरा कार्डं. ही खोटी हजेरी नव्हे, अंदाजपत्रक आहे. हळूबाईचंही मारलं. ती तर पहिल्याच आठवड्यात माझ्या शिकवण्याने भारावली होती.

शाई बोटाची जात नाही. बायकोने विचारलं, कुठे मतदान होतं का? कांजी: शून्य.

२२ जानेवारी, गुरुवार.
विभागाची बैठक. माझ्या कार्डांचं कौतुक झालं. मॅडमनी एक कार्ड उंच धरून सगळ्यांना दाखवलं. कौतुकाने माणसाला सुचत जातं. मी उभा राहून प्रस्ताव मांडला, की या कार्डाला वजन हवं. सत्रात नापास झालेल्या मुलाच्या कार्डावर दहापेक्षा कमी शिक्के असतील, तर त्याला मदत मिळाली नव्हती असं समजून सत्र पुन्हा करू द्यावं. दहा किंवा जास्त असतील, तर मदत मिळूनही जमलं नाही, सबब जपानीच्या अभ्यासक्रमातून नाव कमी. सगळ्यांना पटलं. एकमताने मंजूर. हेडक्लार्कने तिथल्या तिथे टाइप केलं.

माझ्या नावाने नियम झाला. आईला फोन करून सांगितलं.

चार ते चार-वीस कक्षात. कोणी नाही. कुलूप, कँटीन. पाच शिक्के जास्त मारले.

२९ जानेवारी, गुरुवार.
मावशींनी पुन्हा तोच विषय काढला. ती पोरगी आजही येऊन बसून गेली म्हणे, दप्तर मांडीवर घेऊन. साडेचारला येते, कुलूप बघते, पाच-सव्वापाचपर्यंत बसते. मी विचारलं, माझ्याकडेच येते कशावरून? लिफ्टवाल्याकडे येत असेल. मावशी म्हणाल्या, लिफ्टला माणूस कुठाय, ती मशीनवर चालते.

मनात पाल चुकचुकली, पण मावशींना गप्पांची हौस आहे. संकल्प: पुढच्या मंगळवारी साडेपाचपर्यंत बसायचं. कांजी: दोन, तेही आधी येत होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
बसणारच होतो. पण समितीतले एक जण कँटीनमध्ये स्वतःहून म्हणाले, या की, बसा. अशी हाक रोज येत नाही. त्यांनी विचारलं, जपानीत चहाला काय म्हणतात? सांगितलं. म्हणाले, वा. हे वा साधं नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
भिंतीची घरघर आता घरीही ऐकू येते. बायको म्हणते, तो फ्रिज आहे.

कार्डं सुंदर दिसायला लागलीत. टेबलावर रांगेत मांडली की सगळीकडे लालच लाल. हळूबाईच्या कार्डावर गेल्या वेळचा राहिलेला दहावा चौकोन भरला, शाई ओली आहे तोवर आजचा अकरावाही भरून टाकला. तिचा स्वतःचा शिक्का आणि माझे यांत थोडा फरक दिसतो. तिचे पहिले दोन सरळ आहेत, माझे जरा तिरपे. पण इतक्या बारकाईने कोण बघतंय?

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
चारला हेडक्लार्कचा फोन: एका मुलीचे वडील आलेत, खाली पाठवतो. म्हणून आज कक्षात थांबावं लागलं. हळूबाईचे वडील. शिंपी आहेत. दुकान बंद ठेवून आले होते. शर्टाच्या खिशाला दोन सुया टोचलेल्या, काढायच्या विसरलेले. बसा म्हटलं तरी बराच वेळ उभेच. माणूस मुलीसारखाच, हळू बोलणारा, पण ऐकू येतं.

म्हणाले, सर, मुलगी म्हणते मी जाते पण तिथलं दार बंद असतं. घरी रडते. आईला सांगते, मला कोणीतरी पहिल्यापासून शिकवा. म्हटलं, एकदा आपण स्वतःच जाऊन बघावं.

मी आधी जरा गडबडलो. मग आठवलं, आपल्याकडे कागद आहे. कार्ड काढून समोर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि एकेका शिक्क्यावर बोट ठेवून मोजलं. अकरा. दोनदा मोजलं. विचारलं, हे सगळे तिचे? म्हटलं, तिच्या नावाचेच आहेत, बघा. तेव्हा म्हणाले, म्हणजे येते ती? मी म्हटलं, न चुकता.

खरं तर मला थांबायचं होतं. पण बोलून गेलो होतो. पुढे असंही म्हणालो, की या वयात मुलं घरी काहीबाही सांगतात, मनावर घ्यायचं नाही. त्यांनी कार्ड परत ठेवलं. म्हणाले, आजवर ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती. आणि नमस्कार करून सात पायऱ्या चढून गेले. वर पोचेपर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

पालक समाधानी होऊन गेले. नोंद करावी. कांजी: शून्य. डोकं दुखत होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
मावशी म्हणाल्या, आता ती पोरगी येत नाही हो. पायरी रिकामी असते. चला, तोही प्रश्न सुटला.

तरीही आज पाचपर्यंत बसून राहिलो. का ते माहीत नाही. कोणी आलं नाही. मशीन चार वेळा सुरू झालं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
संकल्प: हळूबाईच्या वर्गात जायचं, तिला बाजूला बोलवायचं, दोन आठवडे एकटीला शिकवायचं. तोंडी परीक्षा १७ तारखेला आहे, वेळ आहे. मी शिकवलं तर दोन आठवडेही पुष्कळ. मग कार्ड आणि सत्य यांचा आपोआप मेळ बसेल. शिक्के आगाऊ मारले होते, एवढंच. किती सोपं होतं! हलकं वाटलं. बाहेर जाऊन चहा घेतला.

तिच्या वर्गाकडे गेलो. साडेचारच्या आधी तो वर्ग सुटतच नाही म्हणे. वेळापत्रक दारावरच लावलंय: मंगळवार, गुरुवार, व्याकरण, साडेतीन ते साडेचार. कितीतरी वेळ ते वाचत उभा राहिलो. मग ती बाहेर यायच्या आत निघालो, कारण बसची वेळ झाली होती.

५ मार्च, गुरुवार. दुपार आणि संध्याकाळ.
सकाळी ठरवलं, आज तिला भेटायचंच. भेटली. म्हणजे तीच आली. साडेचारला. मी कार्डं भरत होतो, शाईची डबी उघडी, तिचाच शिक्का माझ्या हातात. तिने तो पाहिला. मी तो डब्यातल्या चुकीच्या खणात टाकला.

म्हणाली, सर, माझं कार्ड बघू? नाही कसं म्हणणार. तिने शिक्के मोजले नाहीत, नुसते पाहिले. पहिल्या दोनांवर बोट ठेवून म्हणाली, हे माझे आहेत. मग बाकीच्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, हे माझे नाहीत, सर. मला ऐकू आलं. पण लिफ्ट चालू होती, म्हणून सवयीने म्हटलं, मोठ्याने.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आणि मला चालणार होतं. नंतर तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. दप्तर उचलून गेली.

मी म्हणायला हवं होतं: बस, आत्ता सुरू करू. तोंडाशी आलं होतं. जपानीतसुद्धा आलं होतं, अगदी बरोबर.

१२ मार्च, गुरुवार.
कक्षाचा शेवटचा दिवस. सगळी कार्डं हेडक्लार्ककडे जमा केली. हळूबाईचे वीसच्या वीस. ते म्हणाले, तुमच्याकडे मुलं भलतीच नियमित हो. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते. अर्ज, फोटो, प्रस्ताव, कार्डं, सगळं तयार. कायम होणार यात आता शंका नाही. बायकोला म्हटलं, एप्रिलपासून नवीन शर्ट. ती म्हणाली, आधी माझा डबा शोधा.

२० मार्च, शुक्रवार.
निकाल. हळूबाई तोंडी परीक्षेत नापास. परीक्षकाचा शेरा: उमेदवाराचा आवाज ऐकू आला नाही.

पेपरात मात्र पास आहे, तेही चांगल्या मार्कांनी. कुठे शिकली कोण जाणे.

२३ मार्च, सोमवार.
उद्या समिती. हळूबाईला आणि मला, दोघांनाही बोलावलंय. आधी तिचं प्रकरण, मग माझं. पक्कं ठरवलं: सरळ सांगून टाकायचं. कार्ड चुकीचं आहे, चूक कार्यालयीन आहे, मुलीचे शिक्के दोनच धरावेत. एवढी तीन वाक्यं. दोन शिक्के म्हणजे ती सत्र पुन्हा करू शकते, घरी खोटी ठरत नाही. माझी नोकरी जाईल असं नाही. मॅडमना सच्चा माणूस आवडतो. उलट कायमच करतील. तिन्ही वाक्यं आरशासमोर म्हटली. शॅडोइंगसारखी, न थांबता. छान जमली. आज कांजी: वीस! सत्रात पहिल्यांदाच.

२४ मार्च, मंगळवार.
वडील बाहेरच्या बाकावर बसले होते. आज खिशाला सुया नव्हत्या. मी नमस्कार केला, त्यांनीही केला.

आत लांब टेबल. कँटीनमधले दोघं ओळख नसल्यासारखे. मॅडमसमोर तिचं कार्ड. मॅडमनी तिला विचारलं, वीस वेळा मदत घेऊनही जमत नाही, तर तुला स्वतःला काय वाटतं? ती म्हणाली, मी गेले होते, पण दार बंद असायचं. समितीतले एक जण म्हणाले, मोठ्याने बोल. ती पुन्हा म्हणाली, दार बंद असायचं. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, दार कधी बंद असायचं का?

मी उभा राहिलो. तिन्ही वाक्यं जिभेवर होती. तोंड उघडलं. आवाज आला, पण तो घशातच कुठेतरी घरघरला. माझा मलाच कळला नाही. मॅडम म्हणाल्या, काय? जरा मोठ्याने.

हळूबाई माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. मला बोलायला जमावं, अशी जणू वाट बघत होती. त्यानेच माझं अवसान गेलं. मी म्हटलं, काही नाही मॅडम. उघडं असायचं. हे मात्र खणखणीत निघालं.

तिचं नाव कमी झालं. हरकत घ्यायची असल्यास लेखी, ३१ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत. ती बाहेर गेली. दार लोटलं जाताना वडिलांचा आवाज ऐकू आला, चल, पुरे आता.

मग माझं प्रकरण. चार मिनिटांत आटोपलं. मॅडम म्हणाल्या, अठरा मुलांची कार्डं भरलेली, त्यातली पंधरा नापास. इतकी हजेरी असून हा निकाल, म्हणजे या कक्षाचा उपयोग होत नाही हे स्पष्ट आहे. कक्ष बंद. खोली स्टोअरला. मुदतवाढ नाही. तोंडात मारल्यासारखं झालं. मुलं आलीच नव्हती हो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग कार्डांचं काय सांगायचं?

३१ मार्च, मंगळवार. दुपारी ३.
कक्ष रिकामा करायला आलो. स्टोअरच्या खुर्च्या आधीच आत येऊन पडल्यात. तिचा शिक्का अजून त्याच चुकीच्या खणात होता, तो बरोबर जागी ठेवला. डबा पिशवीत भरला. कोणाला लागला तर, म्हणून.

दुपारी ३.४०.
चिठ्ठीपेटी भिंतीवरून काढायची होती. किल्ली नाही, म्हणून मावशींनी स्क्रूड्रायव्हर आणून दिला. झाकण उचकटलं. मला वाटलं, आत धूळ.

आत नऊ चिठ्ठ्या. सगळ्या एकाच अक्षरातल्या. जपानीत. पहिली १३ जानेवारीची: सर, आमचं व्याकरणाचं लेक्चर साडेचारला सुटतं. तेव्हा मला उशीर होतो. आपण थोडं थांबाल का? मला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटते, एकटीला शिकवलंत तर मी बोलेन. पुढच्या आठही जवळजवळ सारख्याच, तारखा तेवढ्या वेगळ्या: आज आले होते. दार बंद होतं. परत येईन. शेवटची १० फेब्रुवारीची.

सवयीने लाल पेन उघडून चुका शोधल्या. नऊही चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. एकही चूक नाही. प्रत्येक चिठ्ठीखाली नावाचा शिक्का हवा तिथे तिने पेनने छोटं वर्तुळ काढलंय आणि आत स्वतःचं नाव लिहिलंय, कारण शिक्का माझ्याकडे होता.

दुपारी ४.१०.
अजून पन्नास मिनिटं आहेत. हा भक्कम पुरावा आहे. वर नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवायचा, बस. बोलायचीसुद्धा गरज नाही. माझी नोकरी तशीही गेलीच आहे, म्हणजे आता घाबरायचं काही उरलेलं नाही. नऊ चिठ्ठ्या, एक मुलगी, सात पायऱ्या आणि वर दोन मजले. निघालो.

४.३५. मॅडमच्या दाराबाहेर.
दार बंद. मॅडम मीटिंगला गेल्यात, येतील किंवा येणार नाहीत. समोरच्या खिडकीतून हेडक्लार्क म्हणाले, हरकतीचा अर्ज आहे का? पाचपर्यंत मी घेतो, आणा, आवक करून टाकतो. मी म्हटलं, नको, व्यक्तिगत आहे, मॅडमनाच द्यायचंय. अशा गोष्टी समोरासमोर सांगायच्या असतात. क्लार्कच्या खिडकीतून नव्हे.

जिन्याच्या पायरीवर बसलोय. पिशवी मांडीवर. जाणारी-येणारी मुलं वळसा घालून जातात. माझ्या डोक्यावर भिंतीत ती दुसरी लोखंडी पेटी आहे.

४.५५.
मॅडम आल्या नाहीत. हेडक्लार्कने खिडकी ओढायला घेतली. ओढताना पुन्हा विचारलं, नक्की काही नाही ना? मी म्हटलं, काही नाही.

मावशी बादली घेऊन चढत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, आता तुम्ही पण बसलात का? मी पाय आखडून त्यांना वाट करून दिली.

५.२०.
तिच्या चिठ्ठ्या पेटीत टाकल्या नाहीत, हरवतील. त्या माझ्याकडे जास्त सुरक्षित आहेत. पण आपण आलो होतो याची नोंद हवी, म्हणून या डायरीचं शेवटचं कोरं पान फाडून एक चिठ्ठी लिहिली, घडी घालून मॅडमच्या पेटीत टाकली. आत पडल्याचा आवाज आला आणि मग आठवलं, या पेटीचीही किल्ली तीच.

चिठ्ठीत सविस्तर लिहायला जागा नव्हती. एवढंच लिहिलं: आज आलो होतो. दार बंद होतं. परत येईन.